कठड्यावर मांडलेलं प्रदर्शन

गिरगावातली फणसवाडी बालाजीच्या देवळामुळे सगळ्यांना माहीत आहे. दर्शनाला येणारा माणूस देवळाकडे बघत आत शिरतो आणि दर्शन झालं की परत वळतो. पण इथल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या चाळींकडे मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी मान वर करून बघायला हवं होतं. पावसाळ्याआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं उन्हाला टाकायची, ही चाळीतली जुनी रीत. प्रत्येक मजल्याला सलग गॅलरी, गॅलरीला लाकडी कठडा आणि त्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोधड्या. एकीला लाल इरकलीचा काठ, दुसरीच्या मधोमध खणाचा चौकोन, तिसरी धुऊन धुऊन इतकी विटलेली की मूळ रंग फक्त शिवणीच्या कडेला उरलेला. वर्षभर वळकटीत गुंडाळून ट्रंकेवर किंवा माळ्यावर पडलेली ही कापडं त्या एका दिवशी सगळ्या वाडीला दिसत. कोणाच्या घरात कोण कसं शिवतं, हे खालून जाणाऱ्यालाही कळे.

घाटावर हाच देखावा भाद्रपदात असतो. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं धुणं काढायचं म्हणून बायका वाकळा डोक्यावर घेऊन नदीवर जातात. कोल्हापूरकडे गोधडीला वाकळच म्हणतात. पंचगंगेच्या घाटावर, कृष्णेच्या काठी, ओढ्याकडेच्या खडकांवर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पीळ देतात, पाणी निथळतं आणि मग ती दगडांवर पसरली जाते. तासाभरात अख्खा काठ रंगीत होतो. त्याला प्रदर्शन असं कोणी म्हटलं नाही, एवढंच.

जगात अशा प्रदर्शनांना मोठा मान आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला दरवर्षी हाताने आणि यंत्राने शिवलेल्या रजयांचा मोठा उत्सव भरतो. छोट्या गावांमधूनही वर्षाकाठी असे मेळे होतात. तिथे रजया भिंतीवर टांगतात, परीक्षक टाके तपासतात आणि कापडाला हाताचा घाम लागू नये म्हणून पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. मागची बाजू बघायची, कारण शिवणारीचा हात खरा तिथे कळतो. आपल्याकडे चेन्नईतही ‘इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल’ भरला आहे. पण गोधडी समोर आली की तो हातमोजेवाला जरा थबकेल, कारण तिच्यात उलट-सुलट असा भेद फार कमी. दोन्ही बाजू अंगाला लागणार असतात.

फरक एवढाच नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या रजईत तीन थर असतात. वर ठिगळांची जोडणी, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा भराव, खाली अस्तर. आधी तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर पुरा करायचा आणि मग तिन्ही थर एकत्र टाचायचे. गोधडीत भराव नाहीच. जुनी लुगडी, धोतरं, चादरी यांचेच चार-पाच थर एकमेकांवर पडतात आणि ऊब येते ती त्या थरांतून. ठिगळ लावणं आणि थर टाचणं हे एकाच दोऱ्याने, एकाच वेळी होतं. म्हणून गोधडी शिवणारीला आधी आखणी करून ठेवता येत नाही. तुकडा हातात घेतला की तो कुठे बसणार हे तिथल्या तिथे ठरवायचं आणि एकदा टाका घातला की पुढच्या तुकड्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. या कामाला जे कौशल्य लागतं, त्याला चित्रकाराच्या नजरेपेक्षा कमी लेखायचं काही कारण नाही.

शिवायची रीत साधी दिसते. जमीन झाडून, पुसून घ्यायची. त्यावर सर्वांत धड असलेलं लुगडं घडी घालून अंथरायचं. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, तांब्या असं जे जड असेल ते ठेवायचं, म्हणजे कापड सरकत नाही. फाटकं, विरलेलं कापड मधल्या थरांत जातं. वरच्या थराला पुन्हा चांगलं कापड. मग मोठी सुई, दुहेरी दोरा आणि धावदोरा. शिवण कडेने सुरू होते आणि चौकोनात चौकोन काढत आत आत जाते. दोघी-तिघी असल्या तर प्रत्येकीची एक बाजू. कापडाला कुठे फुगा येऊ द्यायचा नाही, कारण आलेला फुगा आत आत सरकत जातो आणि शेवटी मध्यावर चुणी होऊन बसतो. म्हणून डावा हात सतत कापडावरून फिरत असतो. उजवा शिवतो, डावा सपाट करतो.

थोडं गणित करून बघू. गोधडी सहा फूट लांब, पाच फूट रुंद. शिवणीच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. सोयीसाठी ओळी सरळ धरल्या तर सहा फुटांच्या 120 ओळी, एकूण 720 फूट शिवण. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून अर्धा इंच धरला, तर 17,280 टाके. हे सगळं दुपारच्या दोन-अडीच तासांत, तेही स्वयंपाक, धुणं, पाणी उरकल्यानंतर मिळालेल्या. चाळीत नळाला पाणी ठरावीक वेळी यायचं, तेव्हा सुई कापडात खोचून उठायचं आणि हंडे भरून झाले की पुन्हा बसायचं. अशा कित्येक दुपारी एका गोधडीत गेलेल्या असतात.

शेवटचा तुकडा मधोमध बसतो. कर्नाटकात गोधडीला कौदी म्हणतात आणि तिथल्या बायका या मधल्या तुकड्याला तिचं पोट मानतात. महाराष्ट्रातही कुठे कुठे शेवटचे टाके घालण्याआधी त्या जागी भाकरीचा तुकडा ठेवायची चाल आहे. जी आपल्याला ऊब देणार, तिचं पोट रिकामं ठेवायचं नाही, ही त्यामागची भावना. माणसाला गोधडीबद्दल किती आपुलकी वाटत असेल, हे सांगायला एवढी एक चाल पुरे.

फाटलेल्या गोधडीचा कोपरा उसवला की घराचा इतिहास हाती लागतो. वर पाचवारी सुती पातळ, त्याखाली शाळेच्या गणवेशाची खाकी, त्याखाली आजोबांचं धोतर आणि अगदी आत आजीचं नऊवारी, ज्याचा हिरवा रंग उजेड न लागल्यामुळे अजून ताजा आहे. जुनी गोधडी टाकून देत नसत. तिच्यावर नवं कापड चढायचं आणि ती पुन्हा वापरात यायची. सर्वांत मऊ लुगडं मात्र बाळासाठी राखून ठेवलेलं. त्याची दुपटी आणि कुंच्या व्हायच्या. नव्या कापडातली खळ आणि खरखर बाळाच्या अंगाला बोचते. पन्नास-शंभर धुण्यांनी मऊ पडलेलं कापड बोचत नाही.

मुंबईच्या गोधडीला गिरणीचा धागा जोडलेला आहे. 1850 च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी केली आणि पुढे परळ-लालबागचं गिरणगाव झालं. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून माणसं आली. एका खोलीत दहा-बारा जण राहायचे, पाळीनुसार झोपायचे. त्यांच्या पथारीत गावाहून आईने किंवा बायकोने शिवून दिलेली वाकळ हमखास असे. सुट्टीत गावी जाताना हीच माणसं गिरणीचं कापड घेऊन जात आणि तेच कापड वापरून, विरून, काही वर्षांनी वाकळ होऊन मुंबईला परत येई. गिरगावात तर कापडाचा बाजारच शेजारी, मूळजी जेठा आणि मंगळदास मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून कायमच्या थंडावल्या. सुती कापड आणि घरची शिवण यांचं जे चक्र होतं, त्यातला एक मोठा दुवा तुटला.

तरी गोधडीला खरा धक्का त्याआधीच बसला होता. एक म्हणजे नायलॉन आणि टेरिलीन. ही पातळं विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम शोषत नाहीत. सुईखालून कापड निसटतं. दुसरी गोष्ट बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारीच यायची, नेमकी गोधडी शिवायच्या वेळेला. चार जुन्या साड्यांवर एक स्टीलचं पातेलं, दोन धड पँट मिळाल्या तर झाकणाचा डबा. जी साडी गोधडीच्या पोटात गेली असती, ती पाटीत जाऊ लागली. बायकांचं यात काही चुकलं असं म्हणवत नाही. स्टीलचा डबा दिसतो, टिकतो, पाहुण्यांसमोर मांडता येतो. गोधडी गरिबीची खूण समजली जात होती. रुखवतात क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकामाचे पडदे मांडले जात. सतरा हजार टाक्यांच्या गोधडीला त्या टेबलावर सहसा जागा नव्हती.

हीच वस्तू दुसऱ्या कोणी पाहिली की तिची किंमत कशी कळते, याचं उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. हे लोक घरात कोकणी बोलतात आणि त्यांच्या गोधडीला कवंडी म्हणतात. तीही कडेपासून आत शिवत जातात. चारी कोपऱ्यांवर कापडाचे लहान त्रिकोण घडी घालून लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसलेली कवंडी त्या बायकांच्या दृष्टीने उघडी. अमेरिकेतले कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला, 2004 मध्ये सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहायला हातभार लावला आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये कवंड्यांचं प्रदर्शन झालं. चुलीशेजारी पांघरली जाणारी वस्तू भिंतीवर टांगली गेली आणि लोक तिच्यासमोर उभे राहून बघू लागले.

त्याआधी 2002 मध्ये अमेरिकेतच याहून मोठी गोष्ट घडली होती. अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या पँटी, शर्ट, पोती यांच्या रजया शिवत. त्या रजया ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये मांडल्या गेल्या. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटं काढली. पण या सगळ्यात महत्त्वाची होती ती प्रत्येक रजईखालची पाटी. तिच्यावर शिवणारीचं नाव होतं: मेरी ली बेंडॉल्फ, लोरेटा पेटवे, अ‍ॅनी मे यंग. पाहणारा एकदा नाव वाचून पुढच्या रजईकडे गेला की त्याला हात ओळखू येऊ लागतात. ही बाई आडवे पट्टे लावते, तिला निळा आवडतो, ही मध्यभाग मुद्दाम तिरका करते. नावाशिवाय हे होत नाही.

महाराष्ट्रातल्या गोधडीवरही मनापासून काम झालं आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल स्वतः हाताने रजया शिवतात. त्यांचं गोधड्यांवरचं इंग्रजी पुस्तक 2013 मध्ये फ्रान्सच्या क्विल्टमानिया या प्रकाशनाने काढलं. पॅट्रिक फिन यांच्या भारतीय रजयांवरच्या ग्रंथात बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानकडची रल्ली यांच्या पंगतीत गोधडी बसते. नक्षी कांथाला आणि सुजनीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गोधडीवर कांथासारखी हत्ती-घोड्यांची चित्रं नसतात, म्हणून ती दुय्यम वाटते. तसं वाटणं चूक आहे. तिचं सौंदर्य रंगांच्या तोलात आणि शिवणीच्या ओळींत आहे. लाल काठाची पट्टी एका बाजूला कमी पडली, तर समोरच्या बाजूला तेवढाच लाल चौकोन येतो. काळ्या कापडावर पांढरा दोरा आणि पांढऱ्यावर लाल, म्हणजे शिवण लपत नाही, मिरवते.

आता शहरातल्या प्रदर्शनांत गोधड्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. बचत गटांच्या दालनांत, हस्तकलेच्या मेळ्यांत त्या टांगलेल्या असतात, लोक हात लावून बघतात, फोटो काढतात. लेबलवर किंमत असते, कापड असतं, जिल्हाही असतो. शिवणारीचं नाव बहुतेक वेळा नसतं. घरातल्या गोधड्यांची गत याहून वेगळी नाही. गिरगावातल्या चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत, नव्या घरात कठडा नाही आणि धुण्याच्या यंत्राला ओल्या गोधडीचं वजन पेलत नाही. घर बदलताना पहिली बाहेर जाते ती माळ्यावरची वळकटी. जी मागे राहते, ती ‘आजीची गोधडी’ म्हणून राहते. आजी कुठली, नाव काय, माहेर कुठलं, ते लुगडं कधीचं, हे सांगणारं माणूस गेलं की तेही जातं.

म्हणून ज्यांच्या घरी अशी एखादी गोधडी असेल, त्यांनी येत्या उन्हाळ्यात ती कठड्यावर नसेल तर खिडकीत, गच्चीवर, जिथे ऊन असेल तिथे टाकावी. दोन इंचांचा सुती तुकडा घ्यावा. त्यावर रंगीत दोऱ्याने शिवणारीचं नाव, गाव आणि ठाऊक असेल तर साल काढावं. घरात विचारण्यासारखं कोणी असेल, तर आत कोणाकोणाचे कपडे आहेत हेही विचारून घ्यावं आणि लिहून ठेवावं. मग तो तुकडा एका कोपऱ्यात टाचावा, त्याच दुहेरी दोऱ्याने, त्याच धावदोऱ्याने.