साक्षीदाराची उलटतपासणी

लिहिलेला कागद नाही, म्हणजे इतिहासच नाही, असं मानणारे विद्वान विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात थोडेथोडके नव्हते. ऑक्सफर्डच्या ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी तर १९६३ साली जाहीर करून टाकलं की आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीयांचा, बाकी सगळा अंधार. तोवर यान व्हान्सिना त्या ‘अंधारात’ दहा वर्षं कान देऊन बसले होते.

१९२९ साली बेल्जियममध्ये अँटवर्पला जन्मलेले व्हान्सिना मुळात मध्ययुगीन युरोपाचे अभ्यासक. १९५२ मध्ये ते मानवशास्त्राच्या कामासाठी काँगोतल्या कासाई भागात, कुबा लोकांकडे गेले. तिथली जुनी गाणी ऐकताना त्यांच्या ध्यानात आलं, की मध्ययुगातली लॅटिन शोकगीतं आपण तपासतो तशीच हीही तपासता येतील.

मग उलटतपासणी सुरू झाली. सांगणारा कोण? त्याला हे कुणाकडून मिळालं? घराणं राजाच्या मर्जीतलं, की बाजूला पडलेलं? शब्द ठरलेले, की दर खेपेला नवे? कुबांच्या आठवणीत एका राजाच्या कारकिर्दीत सूर्यग्रहण झाल्याचं येतं. खगोलगणितानुसार त्या भागात १६८० साली खग्रास ग्रहण झालं होतं. राजांच्या यादीला निदान एक तारीख मिळाली.

ही पद्धत मांडणारं त्यांचं पुस्तक १९६१ मध्ये फ्रेंचमध्ये आलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी पुढे विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. टीकाही भरपूर झाली: वंशावळी आजच्या सोयीनुसार बदलतात, त्यांवर विसंबायचं कसं? व्हान्सिनांनी आक्षेप झटकले नाहीत. १९८५ मध्ये त्याच विषयावर नवं पुस्तकच लिहिलं. स्मृती पोचत नाही तिथे ते भाषांकडे वळले. विषुववृत्तीय वर्षावनांवरच्या १९९० च्या ग्रंथात बांटू भाषांमधले शब्द ताडून त्यांनी शेकडो वर्षांमागचे समाज उभे केले.

मला त्यांची थोरवी सर्वांत जास्त जाणवते ती रवांडात. दरबारी परंपरा राजघराणं फार मागे नेते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस टिपून घेतलेल्या कथनांच्या आधारे २००१ मध्ये त्यांनी दाखवलं, की तिथलं नियिगिन्या घराण्याचं राज्य सतराव्या शतकातलं आहे. तिथल्या हुतू आणि तुत्सी समाजांमधला भेदही अनादी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘उबुरेत्वा’ ही वेठबिगार फक्त शेतकऱ्यांवर, म्हणजे हुतूंवर, लादली गेली आणि ती दरी पक्की झाली. याच भेदावरून झालेल्या १९९४ च्या नरसंहारानंतर सात वर्षांनी हे छापणं नुसता पुस्तकी वाद नव्हता.