पाणी खालच्या बांधीपर्यंत जाऊ द्या



गेल्या महाशिवरात्रीची गोष्ट. त्या दिवशी आमच्या नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरात किती गर्दी असते, हे गोंदिया भागातील सभासदांना सांगायला नको. दर्शन घेऊन बाहेर पडलो तो चहाच्या टपरीवर पुतण्या भेटला. पोरगा शिकलेला, कष्टाळू. घरच्या जमिनीत धान, आणि विहिरीच्या भरवशावर दोन एकर ऊस. चहा पिता पिता म्हणाला, "काका, तुम्ही नेहमी नीतीच्या गोष्टी सांगता. पण खरं सांगा, सरळ माणूस कुठं पुढं जाते? ज्याचा वशिला, त्याचाच ऊस आधी तुटते. मले भी मोठं व्हायचं आहे. मंग मी काय करू?"

त्याला लगेच उत्तर देता आले नाही. एक तर प्रश्न खोटा नव्हता. दुसरे कारण मलाच ठाऊक होते, ते पुढे सांगतो. घरी आल्यावर विचार करत बसलो. त्याला जे सांगायला हवे होते तेच येथे लिहितो आहे.

मोठे होण्यात पाप नाही

पहिली गोष्ट ही, की मोठे व्हावेसे वाटणे यात काहीही वाईट नाही. एकरी चार टन जास्त काढावेत, घर बांधावे, लेकरांना शिकवावे, असे ज्याला वाटत नाही तो शेतकरी कसला? संत झाल्याशिवाय नीतीने वागता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. आणि याचा दाखला शोधायला लांब जायला नको. तो आपल्याच जिल्ह्यात पाण्याने भरलेला उभा आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध आपण पाहिला असेल. डोंगरांच्या मधल्या फटी बांध घालून बुजवल्या आणि एवढा अफाट तलाव झाला. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. लोकांनी पुढे त्यांना देवच केले. कोलासूर देव म्हणून त्यांची पूजा होते. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरकडचा कोहळी समाज दोन गोष्टींसाठी नावाजलेला. एक तलाव बांधणे, दुसरी ऊस पिकवणे. कारखाने निघण्याच्या कितीतरी आधी वैनगंगेच्या खोऱ्यात या लोकांनी तलावाच्या पाण्यावर ऊस घेतला आणि गूळ केला. आपण ऊसवाले आहोत, तेव्हा नात्याने ते आपले पूर्वजच म्हणायचे.

आता या तलावांमागचा व्यवहार बघा. चांद्याच्या गोंड राजांच्या वेळी रीत अशी सांगतात, की जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन मिळावी. म्हणजे तलाव बांधणारा काही धर्मादाय करत नव्हता. त्याला जमीन हवी होती, नाव हवे होते. पण त्याचा स्वार्थ अशा जागी बांधला होता, की गावाला पाणी पोचल्याशिवाय त्याचे घर भरत नव्हते. पाळ फुटली तर सगळ्यांचे धान गेले, त्यात त्याचेही गेले. म्हणून पाळ सांभाळायची, तुडूम वेळेवर उघडायचे, आणि पाणी शेवटच्या बांधीपर्यंत न्यायचे.

त्या काळी सगळे सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. पुढे मालगुजारी आली. मालगुजाराचा वचक होता, गरिबाला वेठीला धरले जाई. १९५१ साली मालगुजारी गेली ते बरेच झाले. पण एक नुकसान झाले. तलाव सरकारी झाले आणि "हा आपला" असे म्हणणारे कोणी उरले नाही. गाळ साचला, काठाने अतिक्रमण झाले. ज्याने त्याने आपली बांधी तेवढी पाहिली. पाणी सगळ्यांना हवे, पण पाळीवर माती टाकायला कोणी नाही, अशी गत अनेक गावांत झाली.

खुर्ची दुसऱ्याला देणारा माणूस

सहकारी साखर कारखाना हा असाच एक तलाव आहे, आणि तो पहिल्यांदा बांधणारा माणूस चार इयत्ता शिकलेला शेतकरी होता. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली, कारण सावकाराच्या पाशात शेतकरी बुडत होता. पुढे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भाग घ्यायला लावले. लोक सहजासहजी पैसे देत नव्हते. आधीच कर्जात असलेल्या माणसाने न पाहिलेल्या कारखान्यासाठी पैसे का द्यावेत? दिले, ते माणसाकडे पाहून दिले. १९५० च्या डिसेंबरअखेर प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले.

मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. एवढी पायपीट करून कारखाना उभा केला, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर ते स्वतः बसले नाहीत. ती खुर्ची त्यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना दिली आणि आपण उपाध्यक्ष राहिले. गाडगीळ नागपुरात वाढलेले, केंब्रिजला शिकलेले, पुण्यातील गोखले संस्थेचे संचालक. त्यांचा कारखान्यात उसाचा स्वार्थ नव्हता आणि हिशेबाची जाण होती. संस्थेच्या भल्यासाठी असा माणूस वर हवा, हे विठ्ठलरावांनी ओळखले. त्यामुळे ते लहान झाले काय? १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९८० साली ते गेले तेव्हा महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग उभी होती. याला म्हणतात यश.

माझी चूक

आता माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका हंगामात मला घरच्या लग्नासाठी पैशाची घाई होती. लागणीच्या तारखेप्रमाणे माझा नंबर बराच मागे होता. मी टोळीच्या मुकादमाला वरचे पैसे दिले आणि पाळी मोडून माझा फड आधी तोडून घेतला. त्या वेळी वाटले, मोठा हुशार झालो.

माझ्या पलीकडे एका म्हाताऱ्या सभासदाचा जेमतेम एकराचा फड होता. नंबर त्याचा होता. टोळी माझ्याकडे लागली, मग गाडीचा घोटाळा झाला, आणि त्याचा ऊस उन्हाळा लागेपर्यंत उभा राहिला. तुरे आले, कांड्या वाळून पोकळ झाल्या. काट्यावर वजन किती घटले ते त्याने मला सांगितले नाही. मी गाडीमागे चालत जाणारा त्याचा चेहरा पाहिला, तेवढे पुरे झाले. लग्नात जेवण गोड लागले नाही.

पुढे मी काही रक्कम घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "पैसे राहू दे गा तुह्यापाशी. पुढच्या साली पाळी मोडू नको, बस." तेव्हापासून मोडली नाही. पुतण्याच्या प्रश्नावर मी गप्प का झालो, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. ज्या वशिलेवाल्याची तो तक्रार करत होता, तो एके काळी मीच होतो.

एकाचे पाचट, सगळ्यांचा तोटा

कोणी म्हणेल, ही झाली भावनेची गोष्ट. मग हिशेबाची सांगतो. कायद्याने ठरणारा उसाचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी बांधलेला असतो, तुमच्या-माझ्या एकट्याच्या उसाशी नव्हे. मोळीत पाचट, वाढे, पाणी प्यालेले कोवळे फुटवे घालून ज्याने वजन वाढवले, त्याला काट्यावर चार पैसे जास्त मिळाले. पण उतारा खाली आला तो सगळ्यांचा, आणि ते नुकसान त्याच्याही बिलात आले. तोडलेला ऊस दोन-दोन दिवस पडून राहिला, तरी तेच. कारखान्याचे बेणे आणि उधारीवर खत घ्यायचे, आणि भाव दिसला की ऊस दुसरीकडे घालायचा, यानेही गाळप घटते आणि प्रत्येक पोत्यावरचा खर्च वाढतो. तलावाची पाळ आपल्याच बांधीसाठी फोडण्यासारखे आहे हे.

म्हणून पुतण्याला माझे उत्तर असे. बाळा, मोठा हो. चांगले बेणे लाव, माती तपासून खत दे, खोडव्याची हेळसांड करू नको, पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजव. शेजाऱ्यापेक्षा चार टन जास्त काढ आणि कसे काढले ते त्याला सांग. पाळी पाळ. आणि जो पाळी मोडतो त्याचे नाव टपरीवर घेण्याऐवजी वार्षिक सभेत उभा राहून विचार. ते धैर्यही नीतीतच मोडते. पहिल्यांदा माझेच नाव घेतलेस तरी चालेल.

यात कधी एखाद्या हंगामात मागे पडशील. ते मी नाकारत नाही. पण कोलू पाटलांचे शेत किती एकर होते हे आज कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या तलावात मात्र अजून पाणी आहे.