इम्युलेटरच्या दाखल्याची किंमत

पेमेंट ॲप तपासायला आलं की आमचा पहिला हात इम्युलेटरकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फोनकडे, जातो. अँड्रॉइड स्टुडिओतून प्ले स्टोअर नसलेली इमेज उतरवली, एडीबी या साधनाला एक कमांड दिली, की रूट, म्हणजे पूर्ण ताबा, मिळतं. ॲपचा खासगी फोल्डर उघडायचा, टोकन किंवा पिन साध्या मजकुरात पडलाय का पाहायचं. फ्रिडा हे साधन जोडून चालू फंक्शनं मध्येच अडवायची. काही बिघडलं तर स्नॅपशॉटवरून पुन्हा सुरू. एवढ्यासाठी खरा फोन रूट करायची गरज नसते.

अडचण पुढे येते. बँकिंग ॲप उघडताच आजूबाजूला बघतं. हार्डवेअरचं नाव ‘गोल्डफिश’ किंवा ‘रांचू’, नेटवर्कचा पत्ता 10.0.2.15. एवढं दिसलं की ॲप बंद. ही तपासणी फ्रिडाने गप्प करता येते. पण फोन आणि ॲप अस्सल आहेत का हे सांगणाऱ्या ‘प्ले इंटिग्रिटी’चा निकाल गूगलकडून येतो आणि बँकेचा सर्व्हर तो नीट तपासत असेल, तर आपल्या मशीनवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

यूपीआयमध्ये तर खरी कसोटी सिमची. नोंदणी करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि त्यावरून तो फोन त्या नंबराशी बांधला जातो. इम्युलेटरमध्ये खरं सिमच नाही. आलेल्या एसएमएसचं सोंग कन्सोलवरून आणता येतं, पण गेलेला एसएमएस मोबाइल नेटवर्कपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या नंबरावर आपल्या फोनमध्ये खातं उघडता येतं का, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. त्याला दोन फोन आणि दोन सिम लागतात. नोंदणीनंतर सिम काढायचं, बदलायचं, दुसऱ्या फोनमध्ये घालायचं आणि दर वेळी ॲप काय करतं ते टिपायचं.

बोटाच्या ठशाचंही तसंच. इम्युलेटरमध्ये ठसा म्हणजे कमांडमधला एक आकडा. ॲप नुसत्या ‘हो’वर विसंबतं की ठशाशिवाय एन्क्रिप्शनची किल्ली उघडतच नाही, हा तर्क तिथे तपासता येतो. पण ती किल्ली प्रत्यक्ष चिपमध्ये सुरक्षित आहे का, हे कळायला ती चिप असलेला फोनच हवा.

आयफोनचा सिम्युलेटर तर आयफोनची नक्कलही करत नाही. तो सिम्युलेटरसाठी वेगळं बांधलेलं ॲप मॅकच्याच कर्नलवर चालवतो. ॲप स्टोअरवरची प्रत त्यात चढत नाही. डेव्हलपरकडून वेगळं बिल्ड घ्यावं लागतं. फोन लॉक झाल्यावर फाइली कुलूपबंद करणारी व्यवस्था तिथे लागू नसते. सिम्युलेटरमधली फाइल वाचून ‘डेटा उघडा पडलाय’ असा शेरा मारला, तर डेव्हलपर तो पहिल्याच बैठकीत खोडून काढतो, आणि बरोबरच करतो.

म्हणून तपासणी अहवालात प्रत्येक निष्कर्षाशेजारी तो इम्युलेटरवर मिळाला की फोनवर, कोणतं मॉडेल, कोणती आवृत्ती, हे लिहिलेलं असावं. आणि अहवाल विकत घेणाऱ्यांनीही ते मागावं. साठवण, नेटवर्क आणि कोडचा तर्क यांसाठी इम्युलेटर पुरतो. सिम, ठसा, किल्ली आणि लॉक यांबद्दल त्याने दिलेला ‘पास’ ग्राह्य धरू नये, ‘नापास’सुद्धा नाही.