सामोअन व क्रीक समाज : सामाजिक व आर्थिक स्थिती

सामोअन व क्रीक समाज : पॅसिफिक महासागरातील सामोआ द्वीपसमूहावरील पॉलिनीशियन लोक आणि उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील मूळ रहिवासी असलेली व एकोणिसाव्या शतकात ओक्लाहोमात हलविली गेलेली क्रीक (मस्कोगी) ही अमेरिकन इंडियन जमात. या दोन समाजांत वंश, भाषा वा इतिहास यांचा कोणताही संबंध नाही. तथापि भूधारणेच्या अभ्यासात त्यांची तुलना उद्बोधक ठरते. दोहोंमध्ये जमीन मुळात व्यक्तीची नसून समूहाची होती. सामोआचा पूर्व भाग १९०० मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अंमलाखाली आला, तेव्हा क्रीक जमात त्याच सत्तेच्या आधिपत्याखाली होती. त्या सत्तेने वर्षभराच्या अंतराने एकाची सामूहिक मालकी कायद्याने राखली व दुसऱ्याची कायद्यानेच मोडली. दोन्ही समाजांच्या पुढील आर्थिक व सामाजिक स्थितीतील अनेक भेदांचे मूळ येथे सापडते.

सामोआचे स्वतंत्र राष्ट्र (१९९७ पर्यंतचे नाव पश्चिम सामोआ) १ जानेवारी १९६२ रोजी अस्तित्वात आले. उपोलू व साव्हाई ही त्यातील प्रमुख बेटे असून २०२१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या २,०५,५५७ होती. टुटुइला, मानूआ इ. पूर्वेकडील बेटे अमेरिकन सामोआ या नावाने संयुक्त संस्थानांच्या ताब्यात आहेत (लोकसंख्या ४९,७१०–२०२०). क्रीक राष्ट्राचे प्रशासकीय केंद्र ओक्लाहोमा राज्यातील ओक्मल्गी येथे असून त्याच्या नोंदणीकृत सदस्यांची संख्या सु. एक लाख आहे. ॲलाबॅमात मागे राहिलेल्या क्रीकांच्या वंशजांची पोर्च क्रीक ही वेगळी संघटना असून तिला १९८४ मध्ये केंद्र शासनाची मान्यता मिळाली.

पारंपरिक समाजरचना : क्रीक ही एक जमात म्हणण्यापेक्षा अनेक नगरांचा संघ होता. कूसा व टॅलपूसा नद्यांकाठची नगरे ‘वरचे क्रीक’ आणि चॅटाहूची व फ्लिंट यांच्या खोऱ्यांतील नगरे ‘खालचे क्रीक’ म्हणून ओळखली जात. नगरास ताल्वा व त्याच्या प्रमुखास मिको म्हणत. काही नगरे शांततेची (पांढरी), तर काही युद्धाची (लाल) मानली जात. वारा, अस्वल, पक्षी, सुसर इ. नावांच्या बहिर्विवाही कुळी मातृवंशीय होत्या. विवाहानंतर पुरुष पत्नीच्या घरी राहावयास जाई आणि मुलांच्या शिक्षणाची व शिस्तीची जबाबदारी बापापेक्षा मामावर असे. मका, घेवडा व भोपळा ही पिके नगराच्या सामाईक शेतात घेत. त्या शेताचे तुकडे कुटुंबवार वाटून दिलेले असत व पिकाचा काही हिस्सा पाहुणे, निराधार व दुष्काळ यांसाठी सार्वजनिक कोठारात जाई. नव्या मक्याच्या उत्सवात जुना विस्तव विझवून नवा पेटवीत व मनुष्यवध वगळता बहुतेक जुने अपराध माफ करीत.

सामोआत मूळ घटक आइगा म्हणजे विस्तृत कुटुंब हा होय. त्याचे सदस्यत्व माता व पिता या दोहोंकडून मिळते. त्यामुळे एका व्यक्तीचा अनेक आइगांवर हक्क पोहोचतो. आइगा आपल्यातून मताई निवडते. मताई हा जमिनीचा धनी नसून विश्वस्त असतो व त्याचे पद आपोआप पित्याकडून पुत्राकडे जात नाही. गावातील मताईंची सभा (फोनो) गावाचा कारभार पाहते. तिच्या अधिकारांना १९९० च्या कायद्याने मान्यता मिळाली असून ती दंड करू शकते. गावातून कुटुंबाला हद्दपार करण्याचे प्रकारही घडतात. भावाने बहिणीचा व तिच्या संततीचा विशेष मान राखावा, असा दंडक आहे. तरीही स्त्रियांकडे मताईपद क्वचितच येते. गावांत राहणाऱ्या मताईंमध्ये त्यांचे प्रमाण दशांशाच्या आसपासच आहे. मार्गारेट मीड यांच्या १९२८ च्या ग्रंथामुळे सामोआ जगभर गाजले ते किशोरवयीन मुलींच्या जीवनाविषयीच्या वादामुळे. सामोअनांच्या स्वतःच्या व्यवहारात मात्र पदवी व जमीन हेच विषय अग्रभागी असतात आणि त्यांसाठी जमीन व पदव्या यांचे स्वतंत्र न्यायालय आहे.

व्यापार, कर्ज आणि जमीन : यूरोपीयांशी आलेल्या संबंधाने दोन्ही समाजांत जमिनीवर आलेले दडपण वेगवेगळ्या स्वरूपाचे होते. क्रीकांनी अठराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांना हरणाची कातडी विकून बंदुका, कापड व मद्य घेतले. हरणे कमी होत गेली तशी उधारी वाढली. १७७३ मध्ये ऑगस्टा येथील तहाने क्रीक व चेरोकी यांनी व्यापाऱ्यांच्या कर्जाच्या फेडीपोटी वीस लाख एकरांहून अधिक जमीन सोडली. पुढे १८१३-१४ च्या युद्धात हॉर्सशू बेंड येथे अँड्रू जॅक्सनने युद्धपक्षाच्या क्रीकांचा पराभव केला. त्यानंतरच्या फोर्ट जॅक्सनच्या तहाने सु. २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. तीत जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती. संघाच्या संमतीवाचून जमीन विकणाऱ्यास देहान्ताची शिक्षा असा क्रीकांचा कायदा होता. १८२५ च्या इंडियन स्प्रिंग्ज तहावर सही करणारा विल्यम मॅकिंटॉश याला त्याच कायद्याखाली ठार करण्यात आले.

जमीन व्यक्तिशः वाटून देण्याचा पहिला प्रयोग क्रीकांवर झाला तो १८३२ च्या तहाने. ॲलाबॅमातील उरलेल्या प्रदेशात नव्वद प्रमुखांना प्रत्येकी ६४० व इतर कुटुंबप्रमुखांना प्रत्येकी ३२० एकर जमीन देण्याचे ठरले. त्या वर्षीच्या शिरगणतीत क्रीकांची संख्या त्यांच्या गुलामांसह बावीस हजारांहून अधिक भरली. लिहिता-वाचता न येणाऱ्या खातेदारांकडून खोट्या नावाने, मद्य पाजून वा तोतये उभे करून सट्टेबाजांनी जमिनी लिहून घेतल्या. उपासमारीतून १८३६ मध्ये उठाव झाला व तेच निमित्त करून बहुसंख्य क्रीकांना मिसिसिपीपलीकडे सक्तीने हलविण्यात आले. लोचापोका नगराच्या लोकांनी आपल्या जुन्या अग्नीची राख बरोबर नेऊन आर्कान्सॉ नदीकाठी एका ओक वृक्षाखाली नवे नगर वसविले. आजचे टल्सा शहर तेथूनच वाढले.

सामोआत सामूहिक जमीन बळकावण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. आपसांतील युद्धांच्या काळात बंदुकांच्या मोबदल्यात जमिनींची खरेदीखते होत. एकच जमीन अनेकदा विकली जाई व विकणाऱ्याला तो अधिकार असेच असे नाही. १८८९ च्या बर्लिन करारानुसार नेमलेल्या आयोगापुढे परकीयांनी जे दावे मांडले, त्यांतील एकूण क्षेत्र द्वीपसमूहाच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून अधिक होते. आयोगाने त्यांपैकी जेमतेम आठ टक्के मान्य केले. जर्मन कंपनीचे नारळाचे मळे उभे राहिले. परंतु स्वतःच्या जमिनीवर तारो, केळी व नारळ पिकविणारा सामोअन मजुरीस येईना. म्हणून मळेवाल्यांना मेलानीशियन बेटांतून व चीनमधून करारबद्ध मजूर आणावे लागले. सामूहिक भूधारणेने मजुरीच्या सक्तीपासून दिलेले हे संरक्षण आर्थिक दृष्ट्या महत्त्वाचे आहे. अर्थात त्याने परकी सत्तेपासून संरक्षण मिळाले नाही. न्यूझीलंडच्या प्रशासनाने नोव्हेंबर १९१८ मध्ये ‘टालून’ हे बोट विलगीकरणाविना ॲपिया बंदरात येऊ दिले आणि पसरलेल्या इन्फ्ल्यूएंझात पश्चिम सामोआची सु. पंचमांश लोकसंख्या, म्हणजे सु. ८,५०० माणसे, मृत्युमुखी पडली. त्या प्रशासनाविरुद्धच्या माऊ चळवळीच्या शांततापूर्ण मिरवणुकीवर २८ डिसेंबर १९२९ रोजी गोळीबार होऊन चळवळीचे नेते टुपुआ टामासेसे लेआलोफी तिसरे मरण पावले.

१९०० व १९०१ : टुटुइलाच्या प्रमुखांनी १७ एप्रिल १९०० रोजी आपले बेट संयुक्त संस्थानांच्या हवाली केले. अमेरिकन नौदलाला पागो पागोचे खोल बंदर हवे होते, शेतजमीन नको होती. तेथे जमिनीची वाट पाहणारा गोऱ्या वसाहतवाल्यांचा वर्गही नव्हता. त्याच वर्षी नौदलाच्या कमांडंटने स्थानिकांची जमीन परकीयांना विकण्यास मनाई करणारा हुकूम काढला. याउलट क्रीक वगैरे पाच जमातींच्या इंडियन टेरिटरीत १८९० च्या शिरगणतीतच निम्म्याहून अधिक लोक गोरे होते. रेल्वे आली होती, गावे वसली होती, परंतु रहिवाशांना जमिनीची मालकी मिळत नव्हती. १८९८ च्या कर्टिस कायद्याने जमातींची न्यायालये रद्द केली व १ मार्च १९०१ च्या करारान्वये क्रीक राष्ट्राची जमीन सदस्यांत प्रत्येकी १६० एकर याप्रमाणे वाटण्यात आली. सामूहिक मालकीमुळे स्वार्थाची प्रेरणा राहत नाही व म्हणून प्रगती खुंटते, असे वाटणीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. तेच तत्त्व त्यांनी टुटुइलास लावले नाही, यावरून धोरणाचे खरे कारण तत्त्वात नव्हे, तर मागणीत होते असे दिसते. चिट्टो हार्जो यांच्या नेतृत्वाखालील क्रीकांनी वाटणीचे दाखले नाकारले. त्यांना अटक करून जमिनी त्यांच्या नावे चढविण्यात आल्या.

परिणाम : नोंदपटावर साडेअठरा हजारांहून अधिक क्रीक होते; त्यांपैकी सु. ६,८०० जण क्रीकांच्या पूर्वीच्या कृष्णवर्णीय गुलामांचे व त्यांच्या वंशजांचे होते. १८६६ च्या तहाने त्यांना पूर्ण सदस्यत्व मिळाले होते. प्रत्येकाचे चाळीस एकर वास्तुक्षेत्र म्हणून २१ वर्षे अविक्रेय ठरविले होते. परंतु १९०८ च्या कायद्याने निम्म्याहून कमी इंडियन रक्त असलेल्यांवरील व मुक्त गुलामांवरील निर्बंध काढले आणि अल्पवयीनांच्या मिळकती स्थानिक न्यायालयांकडे सोपविल्या. तोवर १९०५ मध्ये ग्लेन पूल येथे खनिज तेल सापडले होते व पुढे १९१२ मध्ये ते कुशिंग येथेही सापडले. पालक म्हणून नेमलेले वकील व व्यापारी शुल्क, कर्ज व विक्री या मार्गांनी मुलांच्या जमिनी गिळंकृत करू लागले. ज्यांच्या वाट्याच्या खडकाळ जमिनीत तेल लागले, त्या जॅक्सन बार्नेट यांच्यासारख्यांची संपत्ती वर्षानुवर्षे न्यायालयांत झगड्याचा विषय झाली. या व्यवहारांचा पुराव्यानिशी इतिहास अँजी डेबो यांनी लिहिला (१९४०). एका पिढीत क्रीकांची बहुतांश जमीन गेली. गावाची सामाईक शेते व कोठार नाहीसे झाले आणि वारसा राज्याच्या कायद्याने ठरू लागल्यामुळे मातृवंशीय कुळींचा आर्थिक आधार तुटला. प्रमुखही बहुधा वॉशिंग्टनहूनच नेमला जाई. त्याच्या निवडणुकीचा हक्क १९७० च्या कायद्याने परत मिळाला व १९७९ मध्ये नवी घटना झाली.

सामोआत घटनेनेच पारंपरिक जमिनीची विक्री व गहाण यांस मनाई केली आहे. केवळ भाडेपट्टा देता येतो. एकूण जमिनीपैकी सु. ८० टक्के अशी आहे. त्यामुळे भूमिहीनता व उपासमार जवळजवळ नाही. परंतु बँका या जमिनीवर कर्ज देत नाहीत आणि सुधारणा करणाऱ्याला तिचे फळ आपल्याच मुलांना मिळेल याची खात्री नसते. लग्न, अंत्यसंस्कार व पदवीदान या प्रसंगी आइगाला द्यावयाच्या वर्गण्या (फाआलावेलावे) व चर्चची देणगी यांचा भार मोठा असून त्यासाठी अनेक कुटुंबे कर्ज काढतात. तारोची निर्यात १९९३ मधील करप्याने कोसळली. देश आज मुख्यत्वे पर्यटन व परदेशस्थांनी पाठविलेला पैसा यांवर चालतो. अलीकडील वर्षांत या पैशाचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. २०१८ मध्ये एकट्या न्यूझीलंडमध्ये १,८२,७२१ सामोअन होते. क्रीकांची जमीन गेली. सामोअनांची जमीन राहिली, पण तरुण माणसे ती सोडून गेली. मात्र परदेशी गेलेल्या सामोअनाचा गावच्या जमिनीवरील व पदवीवरील हक्क टिकून असल्यामुळे तो पैसा पाठवीत राहतो. तसे बंधन वाटून विकल्या गेलेल्या जमिनीतून निर्माण होऊ शकत नाही.

अलीकडील घडामोडी : सामूहिक जमिनीचा प्रश्न आता दोन्हीकडे अमेरिकन न्यायालयांत पोहोचला आहे. अमेरिकन सामोआतील जमीनही बहुतांशी सामूहिक असून ती विकत घेण्यास निम्म्याहून कमी सामोअन रक्त असलेल्यास मनाई आहे. तेथील लोक अमेरिकेचे ‘राष्ट्रिक’ आहेत, जन्मसिद्ध नागरिक नाहीत. काही सामोअनांनी नागरिकत्वासाठी दावा केला, तेव्हा समान संरक्षणाच्या तत्त्वाने आपले जमीनविषयक कायदे रद्द होतील या भीतीने खुद्द अमेरिकन सामोआच्या शासनाने त्यास विरोध केला. दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये दावा फेटाळला व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो ऐकण्यास नकार दिला. याच अपील न्यायालयाने २०१७ मध्ये क्रीक राष्ट्राचा राखीव प्रदेश कधीच रद्द झालेला नाही, असा निर्णय दिला होता. मॅकगर्ट खटल्यात ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तेच मत स्वीकारले. टल्साचा बराचसा भाग असलेल्या सु. तीस लाख एकरांच्या या प्रदेशात इंडियनांवरील गंभीर गुन्ह्यांचे खटले चालविण्याचा राज्याचा अधिकार त्यामुळे संपला. खाजगी मालकीत गेलेली जमीन मात्र परत आली नाही. द्यूतगृहांच्या उत्पन्नातून क्रीक राष्ट्र दवाखाने, शिक्षण व घरबांधणी चालविते. मस्कोगी भाषा मातृभाषा म्हणून बोलणारे मात्र थोडेच उरले आहेत, तर सामोअन ही सामोआत सर्वांची दैनंदिन भाषा आहे. १९७९ च्या घटनेने मुक्त गुलामांच्या वंशजांना सदस्यत्वातून वगळले होते. १८६६ च्या तहाच्या आधारे त्यांचा सदस्यत्वाचा हक्क जुलै २०२५ मध्ये क्रीक राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.