अनवाणी बूट: खरं किती, ऐकीव किती?

‘पाड्यावरची माणसं अनवाणी सातपुडा चढतात, मग आपल्याला काय झालं?’ नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला पळायला निघालेल्या शहरी गड्याचा हा लाडका युक्तिवाद. पातळ, सपाट तळाचे ‘बेअरफूट’ बूट खपतात तेही याच्याच जोरावर. युक्तिवाद निम्मा बरोबर आहे. लहानपणी मोकळं राहिलेलं पाऊल खरंच वेगळं घडतं. राव आणि जोसेफ यांनी २,३०० भारतीय मुलांची पावलं तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले: पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. पण ही बालपणाची कमाई आहे. जाड टाचेच्या बुटांत वाढलेल्या पायाला ती दुकानात मिळत नाही. अमेरिकेत काही धावपटूंना दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं गेलं. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली.

या बुटांनी दुखापत टळते, हाही तसाच समज. हार्वर्डच्या लीबरमन यांनी २०१० मध्ये दाखवलं ते एवढंच, की चवड्यावर पाऊल टाकणाऱ्याला जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो. गुडघ्यावरचा काही भार हटतो खरा, पण तो पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जाऊन बसतो. आरोग्याचे दावे अंगाशी आल्यावर पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या ‘व्हिब्रम’ कंपनीने २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन खटला मिटवला.

घट्टे पडले की पायाची जाण बोथट होते म्हणतात. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्यांवरच्या २०१९ च्या अभ्यासात तसं आढळलं नाही. तळव्याला सुन्नपणा येतो तो मधुमेहासारख्या आजाराने, आणि अशा माणसाने पातळ तळाच्या वाटेला जाऊच नये. सिकलसेलच्या रुग्णानेही आधी डॉक्टरांना विचारावं. नंदुरबारात हा आजार घरोघरी माहीत आहे; त्यात घोट्याजवळची जखम लवकर भरत नाही.

‘जितका पातळ तितका अस्सल’ हे मला तर निव्वळ मिरवणं वाटतं. सातपुड्याचा दगड काळा बसाल्ट, त्याच्या कपच्या धारदार. वर बाभळीचा काटा. चार मिलिमीटरचं रबर तो सहज भेदतो. डोंगरवाटेला थोडा जाड, खोल खाचांचा तळ घ्यावा. टाच आणि चवडा एका पातळीत असले म्हणजे झालं. नंदुरबारच्या बाजारात, कचेरीत वावरायला पातळ चालेल, पण मे महिन्यातलं डांबर त्यातून चटका देतं. आणि रोजच्या चालण्यासाठी हजारोंचे बूट हवेतच असं नाही. टायरची चप्पलही सपाटच असते, बोटंही मोकळी ठेवते. मेक्सिकोचे ताराहुमारा धावपटू टायरच्याच तळाच्या वहाणा घालून डोंगर पळतात.

निवड करताना ब्रँडपेक्षा पुठ्ठा कामाचा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पुठ्ठ्यावर उभं राहून पावलाची रेघ मारून घ्या. बुटातला सुकतळा काढून त्या रेघेवर ठेवा. करंगळी किंवा अंगठा सुकतळ्याबाहेर जात असेल तर बूट परत करा. लांब नंबर घेऊन अरुंदपणा जात नाही. मग बूट हातात धरून चवड्याशी दुमडा, पिळा. तो सहज वळला पाहिजे.

पहिले काही आठवडे फक्त चालायचं, मग सपाट मातीवर थोडं थोडं पळायचं. पोटरी सकाळी ताठ वाटली तर त्या दिवशी जुने बूट. तोरणमाळचा उतार सगळ्यात शेवटी.