मूत्रपिंड बिघडले, मग रक्त का कमी झाले?

रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन पुरेसे वाढत नाही, असे पुष्कळदा दिसते. लघवी तयार करणाऱ्या अवयवाचा रक्ताशी काय संबंध?

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे अस्थिमज्जेला नव्या पेशी सतत तयार कराव्या लागतात. लोह हा त्यासाठी लागणारा कच्चा माल. पण माल असून भागत नाही, काम सुरू करण्याचा हुकूमही लागतो. एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक म्हणजे तो हुकूम. ऑक्सिजन कमी पडू लागला, की मूत्रपिंडातील काही पेशी ते रक्तात सोडतात. मूत्रपिंड निकामी होत गेले, की हा हुकूमच पुरेसा निघत नाही.

१९७७ साली शिकागोच्या युजीन गोल्डवॉसर यांनी हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवले. त्यासाठी जपानमधील रक्तक्षयाच्या रुग्णांची सुमारे २,५५० लिटर लघवी लागली आणि हाती आले जेमतेम काही मिलिग्रॅम! एवढ्यावर किती जणांना औषध पुरणार? पुढे १९८३ मध्ये फू-क्वेन लिन यांनी त्याचे जनुक वेगळे केले. ते प्राण्यांच्या पेशींत घालून संप्रेरक भरपूर बनवता येऊ लागले. १९८९ मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनला मान्यता मिळाली. तोवर डायलिसिसवरील अनेकांना वरचेवर रक्त चढवावे लागे.

मग हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकेच का वाढवू नये? २००६ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते १३ ग्रॅमच्या आसपास नेण्याचा प्रयत्न झाला. फायदा थोडाच दिसला. उलट एका चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. म्हणून आता प्रौढ रुग्णांत डॉक्टर सहसा दर १०० मिलिलिटर रक्तामागे ११.५ ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. इंजेक्शनाआधी लोहाचा साठा तपासतात, कारण हुकूम आहे आणि माल नाही, असे झाले तरी काम अडतेच. गरजेनुसार लोह शिरेतून देतात. शरीराला स्वतःचे एरिथ्रोपोएटिन बनवायला लावणाऱ्या गोळ्याही आता भारतात मिळतात.

वर्गात रक्तक्षयाचा धडा शिकवताना 'लोह खा' एवढ्यावर थांबू नये. रक्त कमी आहे, हे कळल्यावर पुढचा प्रश्न हवा : ते कशामुळे कमी आहे? मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या एखाद्या पालकाच्या बाबतीत याच प्रश्नातून मूत्रपिंडाचा विकार वेळीच लक्षात येऊ शकतो.