परदेशातलं पहिलं बाळंतपण
रत्नागिरी-रायगडच्या अनेक मुस्लिम मुलींचं पहिलं बाळंतपण दुबई-कुवेतमध्ये होतं. माहेर दूर, त्यात रमजान आला की रोजा ठेवावा का, हा प्रश्न तिला एकटीलाच पडतो. स्वतःला किंवा बाळाला अपायाची भीती असेल तर शरियतने गर्भवतीला सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. सवलत घेणं म्हणजे ईमान कमी पडणं नव्हे. आधी डॉक्टरांना विचारावं. निकाहाच्या दाखल्याचं अटेस्टेशन भारतातूनच करून न्यावं. बाळाचा जन्म भारतीय वकिलातीत १ वर्षाच्या आत नोंदवावा. नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि शेजारी अशी एखादी लेक असेल, तर इफ्तारचं एक ताट तिच्या दारी जरूर पोहोचवावं. त्यातही सवाब आहे.